दोन किडन्यांसकट

हरेश्वर मेहेरने माझी कॉलर धरली ती आमच्या इमारतीच्या जिन्यात, रविवारी सकाळी सव्वानऊला, चार शेजाऱ्यांसमोर. त्याआधी आमची एक भेट झाली होती, पण तेव्हा मी ऑपरेशनच्या टेबलावर कमरेखाली बधिर होऊन पडलो होतो, म्हणून ती मी धरत नाही.

वालीवच्या एका कारखान्यात सुटे भाग मोजून पास-नापास करणं हे माझं काम. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडेतिकडे झाला तरी मी माल परत पाठवतो. अशा माणसाने स्वतःच्या पोटातली सव्वीस सेंटीमीटरची नळी विसरावी, यावर आमच्या फुलपाड्यात कोणी विश्वास ठेवत नाही. ते बरोबर आहे. मी विसरलो नव्हतो, टाळत होतो.

माझा मुतखडा अकरा मिलिमीटरचा होता. तो किडनीतून खाली उतरून लघवीच्या वाटेत अडकला, त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या लादीवर डोकं आपटून घेतलं होतं. एक दुखणं विसरायला दुसरं लागतं म्हणून. विरार पश्चिमेच्या एका बारा खाटांच्या दवाखान्यात लघवीच्या मार्गानेच दुर्बीण घालून लेसरने तो फोडला. टाका नाही, पट्टी नाही. वाट सुजून बंद होऊ नये म्हणून आत एक नळी ठेवली आणि सांगितलं, एकविसाव्या दिवशी काढायला या. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने मात्र मला नळी काढतानाच्या वेदनेचं असं वर्णन ऐकवलं होतं की एकविसावा दिवस आला आणि गेला. दुखत काही नव्हतं. मी रोज पाणी मोजून पीत होतो, त्यावर समाधान मानत होतो.

एकोणपन्नासाव्या दिवशी दारावर लाथ बसली.

"दार उघड! मेहेर हाय, दवाखान्यातून!"

दार बायकोने उघडलं. मी मागे होतो. आडव्या अंगाचा, जाड मानेचा, पन्नाशीचा माणूस. त्याने तिला बाजूला हो म्हटलं, हात लांब केला आणि मला कॉलरला धरून जिन्यात ओढलं.

"एकोनपन्नास दिवस झाले. किती सांगितले होते? एकवीस. तुला मोजता येत नाय?"

हे वाक्य मला आयुष्यात प्रथमच कोणी म्हणत होतं.

समोरचे सावंत बाहेर आले. "अहो, कॉलर सोडा त्यांची. पोलिसांना बोलवू का?"

"बोलवा. त्यांना पन सांगतो याच्या पोटात काय हाय ते."

आणि त्याने सांगितलं. नळी कुठून कुठपर्यंत असते, कुठून काढतात, सगळं, मोठ्या आवाजात. वरच्या मजल्यावरचं एक दार हळूच उघडल्याचं मी ऐकलं. मग त्याने खिशातून औषधाची छोटी बाटली काढून माझ्या नाकासमोर धरली. आत बोटाएवढा जाड, खडबडीत, पिवळट दगड होता. त्याच्या तुटलेल्या टोकातून निळ्या प्लास्टिकची कड दिसत होती.

"बंदरातल्या खांबाला कालवं धरतात, बघितलीस कधी? तशी ही नळी. खडा काढला म्हनून नाचतोस, आत नवा पिकतोय. मग किडनीच काढायची वेळ येते."

"कोणाची ही?" मी विचारलं.

"एका गाढवाची. परवा सकाळी आठला ये. उपाशी. नाय आलास तर कारखान्यात येईन."

हरेश्वर मूळचा अर्नाळ्याचा, तिशीपर्यंत मासेमारीच्या बोटीवर होता. मग दवाखान्यात झाडूपोछ्याला लागला आणि पाहून पाहून ऑपरेशन थिएटरमधला मदतनीस झाला. त्याच्या हातून कपबशा फुटत, दारांच्या कड्या उखडत. पण लेसरची तार, जी मला केसासारखी बारीक वाटली, ती तो अशी गुंडाळे की कुठे मोड पडत नसे. त्याच्याजवळ कायम पाण्याची लिटरची बाटली असे. तिच्यावर त्याने लाल नेलपॉलिशने चार आडव्या खुणा केल्या होत्या. दर खुणेला किती वाजता पोचायचं हे ठरलेलं. ही गोष्ट मला फार पटली.

त्याची एक वही होती. ती त्याला कोणी ठेवायला सांगितली नव्हती. नळी घातलेल्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, घातल्याचा दिवस, काढायचा दिवस. नळी निघाली की पट्टीने नावावर रेघ. रेघ पडेपर्यंत माणूस कोणीही असो, नगरसेवक असो की शाळेचा मुख्याध्यापक, हरेश्वर त्याला अरेतुरे करी. रेघ पडली की अहोजाहो. तारीख उलटलेल्यांना तो आधी तीन फोन करी, मग स्कूटर काढून घरी जाई. काउंटरवरच्या सिस्टरने मला सांगितलं की तो वर्षात दोनदा तरी मार खाऊन येतो आणि चारदा देऊन येतो. डॉक्टरांनी त्याला दोनदा कामावरून काढलंही होतं. "मग?" मी विचारलं. "मग काय, तो येतच राहिला," सिस्टर म्हणाली.

तिनेच सांगितलेली एक गोष्ट. कोणीतरी बियर प्यायल्याने खडा पडतो असं सांगितल्यामुळे एका पेशंटने वॉर्डात उशीखाली बाटली आणून ठेवली होती. हरेश्वरने ती बेसिनवर फोडली आणि फुटका गळा त्या माणसाच्या बेंबीशी टेकवून म्हणाला, "थांब, मीच काढतो. तुझ्या बियरपेक्षा लवकर होईल." पेशंट पळत जिना उतरला. सलाईन हाताला लोंबत होतं. हरेश्वर त्याच्यामागे स्टेशनपर्यंत गेला आणि खांद्यावर टाकून परत घेऊन आला.

"टाका पडत नाय ना, म्हनून लोकांना हे ऑपरेशन वाटत नाय," असं तो नेहमी म्हणे. "पोट फाडलं असतं तर पाया पडले असते."

ते किती खरं आहे हे मी ठरलेल्या दिवशी पाहिलं. एक्कावन्नावा दिवस. सकाळचे अकरा. मागे नाड्या असलेला गाऊन घालून मी थिएटरबाहेरच्या बाकावर बसलो होतो. आत एक बाई टेबलावर होत्या. लाल दिवा लागलेला.

खालून आवाज आला. आधी काच. मग माणसं वर आली. मी मोजली, चौदा. पुढे संदेश नावाचा तिशीतला मुलगा होता, आचोळ्यात टेम्पो चालवायचा. ही नावगावं मला नंतर कळली. त्याचा स्वतःचा मुतखडा इथेच बारा दिवसांपूर्वी काढला होता. आपण दुसऱ्या दिवशी चालत घरी गेलो याचं त्याला इतकं अप्रूप वाटलं की लघवीतून रक्त जाणाऱ्या वडिलांना त्यानेच इथे आणलं. वडिलांच्या लघवीच्या पिशवीत गाठ होती. तीही दुर्बिणीतून खरवडून काढली. टाका नाही, पट्टी नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना हृदयाचा झटका आला. मोठ्या इस्पितळात नेताना ते वाटेतच गेले.

"एक टाका नाही माझ्या बापाच्या अंगावर!" संदेश ओरडत होता. "मग मेला कसा? काय केलंत आत? कुठाय डॉक्टर?"

काउंटरवरचा संगणक जमिनीवर आला. सिस्टरला कोणीतरी केसांना धरून भिंतीवर ढकललं. सलाईनच्या बाटल्या फुटल्या आणि लादी निसरडी झाली. हरेश्वर थिएटरच्या दारातून बाहेर आला. त्याने दार मागे ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिला.

"आत बाई टेबलावर हाय. पोटात दुर्बीन हाय तिच्या. अर्धा तास थांबा, मग काय फोडायचं ते फोडा. मला फोडा. पन दार नाय उघडनार."

संदेशने लोखंडी स्टूल उचललं. हरेश्वरने उजवा हात आडवा धरला. तो आवाज मला ओळखीचा होता. कारखान्यात बिडाच्या लोखंडाचा तुकडा तडकतो तसा. हरेश्वर खाली बसला, पण दाराला टेकूनच बसला. मग लाथा. छातीत, मांडीत, कमरेत. एकाने बाकाची फळी उचकटून त्याच्या खांद्यावर घातली. त्याच्या तोंडातून रक्त आलं, आणि त्या रक्तातून तो सारखं एकच म्हणत होता, "अर्धा तास, अर्धा तास."

मी काही केलं नाही. अंगात तो गाऊन होता, पण ते कारण नव्हे. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो.

दार आतून उघडलं. डॉक्टर हातमोज्यांसकट बाहेर आले. ते हळू बोलणारे गृहस्थ, पण असे किंचाळले की मला तो आवाज त्यांचा वाटलाच नाही. "कमरेत मारू नका! एकच किडनी आहे त्याला! एकच!"

संदेशचा पाय हवेत होता. तो तिथेच थांबला. मग त्याने तो पाय वळवून काउंटरच्या काचेवर मारला आणि स्वतःचीच पोटरी फाडून घेतली. सगळं मिळून सात मिनिटं.

ती बाटलीतली नळी कोणा गाढवाची होती हे मला तेव्हा कळलं. बोटीवर असताना हरेश्वरला खडा झाला होता. दुसऱ्या एका गावी नळी घातली, दुखायचं थांबलं, तो समुद्रावर गेला. दोन वर्षं गेला. परत आला तेव्हा नळीचा दगड झाला होता आणि उजवी किडनी संपली होती.

माझी नळी चार दिवसांनी निघाली. चाळीस सेकंद लागले. शेजारच्या खाटेवरचा माणूस खोटं बोलला होता. हरेश्वर हाताला प्लास्टर, सुजलेला डोळा अशा अवतारात हजर होता. त्याने डाव्या हाताने माझ्या नावावर रेघ ओढली. ती तिरकी गेली हे त्यालाही आवडलं नाही. "झालं साहेब. आता तुम्ही घरी जा," तो म्हणाला.

अडीच महिन्यांनी मी सोनोग्राफीला गेलो तेव्हा तो दवाखान्याच्या दारात स्कूटरशी झटत होता. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट वळत नव्हतं. स्कूटरची मूठ पिळायलाच मनगट लागतं.

"साहेब, गाडी चालवता येते? आचोळ्याला जायचंय."

"कोणाकडे?"

त्याने वही उघडून दाखवली. संदेश. आजचा दिवस चौऱ्याण्णवावा. संदेश तोडफोडीनंतर गावाला पळाला होता. मग अटक झाली, मग जामीन. नळी काढायला तो कुठे जाणार होता? याच दवाखान्यात?

साक्षीदाराने आरोपीच्या घरी जाऊ नये, हे मी त्याला सांगितलं. साक्षीदार मीही होतो. वकील याचा काय अर्थ लावील हेही सांगितलं.

"केस कोर्टात हाय," हरेश्वर म्हणाला, "आनि नळी पोटात हाय. तुमी येताय की मी रिक्षा करू?"

तिसरा मजला. दार संदेशच्या आईने उघडलं. हरेश्वरला ओळखताच तिने तोंडावर पदर धरला.

"इथं कशाला आलास? माझा माणूस गेला तुमच्याकडे."

"गेला, आई. मीच त्याला खाली गाडीत ठेवला. आता पोरगा कुठंय ते सांग."

संदेश आतल्या खोलीतून आला. अंगावर चादर, डोळे खोल गेलेले, ओठ कापत होते. हातात टेम्पोच्या जॅकचा दांडा होता.

"बदला घ्यायला आलास काय?"

"ताप कधीपासून हाय?"

"चालता हो."

"थंडी वाजते? लघवी लाल होते?"

 आई बोलली. "आठ दिवस झाले, लाल होतंय. ह्याच्या बापाला असंच सुरू झालं होतं. ह्यालाही ती गाठच झालीय. कुणाला सांगू नको म्हणतो."

"आई, गप बस!"

"गाठ नाय ती!" हरेश्वर इतक्या जोरात ओरडला की मी मागे सरलो. "नळी हाय! चौऱ्यान्नव दिवसांची! गाढवा, तुला गाठ झालेली नाय, तू नळी पिकवतोयस!"

संदेशने दांडा उगारला. हरेश्वर मागे सरला नाही. त्याने शर्ट वर केला आणि डावी बाजू संदेशकडे केली.

"मार. हीच ती एक. मागच्या टायमाला राहिली. मार आनि चल."

दांडा वरच राहिला. हरेश्वरने डाव्या हाताने संदेशच्या कानाखाली वाजवली. अशी की तो भिंतीला धडकून खाली बसला आणि दांडा लादीवर आपटून माझ्या पायाशी आला. मी तो उचलला. काय करावं न कळून हातात धरून उभा राहिलो.

संदेश रडायला लागला. "टेबलावर पाय वर करून झोपवता तुम्ही. हात बांधलेले. मी तिथे तुम्हा लोकांना मारलंय. तुम्ही मला सोडाल?"

मग नाक पुसून तो म्हणाला, "केस मागे घे. मग येतो."

मला वाटलं हरेश्वर हो म्हणेल. इतकं करून आलेला माणूस एवढं म्हणेलच. मी असतो तर म्हटलं असतं.

"केस चालनार," हरेश्वर म्हणाला. "त्या सिस्टरच्या डोक्याला सहा टाके पडले. माझा हात गेला. मी कोर्टात उभा राहनार, तुझ्याकडे बोट दाखवनार आनि तुला आत पाठवनार. पन दोन किडन्यांसकट पाठवनार. ऊठ."

ते तिघे रिक्षाने गेले. मी मागून हरेश्वरची स्कूटर आणली.

ऑपरेशन एक तास दहा मिनिटं चाललं. नळीच्या खालच्या टोकावर दगड धरला होता, तो आधी लेसरने फोडावा लागला. वरचं टोक अजून मोकळं होतं. दोन आठवडे उशीर झाला असता तर मोकळं राहिलं नसतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मी आणि संदेशची आई बाहेर त्याच बाकावर बसलो होतो. बाकाला नवी फळी बसवली होती. आतून संदेशचं ओरडणं ऐकू येत होतं. कमरेखाली बधिर होता, दुखत नव्हतं, भीतीने ओरडत होता. "मारतील मला, आई, मारून टाकतील!"

आणि मग हरेश्वरचा आवाज. "मारायचा असता तर घरी सोडला असता! गप पड!"

आईने डोळे मिटले. नंतर आत शांत झालं.

कोर्टात आमचा पुकारा झाला तो पुढच्या वर्षी. माझी साक्ष आधी झाली. चौदा माणसं, सात मिनिटं, एक स्टूल. मी जे मोजलं ते सांगितलं आणि मी काही केलं नाही हेही सांगितलं, कोणी विचारलं नव्हतं तरी.

मग हरेश्वर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत ती चार खुणांची बाटली. सरकारी वकिलांनी विचारलं, मारणारा इथे आहे का? त्याने बोट दाखवलं. उजव्या हाताचं, मनगट वळत नसल्यामुळे अख्खा हात खांद्यातून उचलून. "हा. स्टूल याच्याच हातात होतं."

संदेशच्या वकिलांना आमची आचोळ्याची फेरी कळली होती. "तुम्ही आरोपीच्या घरी जाऊन त्याला मारहाण केलीत, हे खरं आहे?"

"खरं. एक कानाखाली. डाव्या हाताने. उजवा त्याने मोडला होता."

मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं.

"म्हणजे तुमच्या मनात त्याच्याबद्दल राग आहे."

"हाय की," हरेश्वर म्हणाला. "हात रोज दुखतो."

साक्ष संपली. तो पिंजऱ्यातून उतरला आणि दाराकडे जाताना आरोपींच्या बाकाजवळ थांबला. शिपाई पुढे झाला. हरेश्वर संदेशकडे वाकून पाहत होता. पेशंटच्या खाटेला टांगलेली लघवीची पिशवी बघताना तो जसं बघायचा, तसं.

"पानी किती पिता?"

संदेश उभा राहिला. "दोन लिटर."

"उन्हाळा हाय. तीन पाहिजे."

"आरोपीशी बोलू नका," न्यायाधीश म्हणाले.

"नाय बोलत, साहेब." त्याने काखेतली भरलेली बाटली बाकावर ठेवली आणि बाहेर गेला. खिडकीतून मला तो कोर्टाच्या पायऱ्या उतरताना दिसला. कठडा उजवीकडे होता, म्हणून तो पायरी पायरीने, थोडा तिरका होऊन, डाव्या हाताने धरत उतरत होता. त्यानंतर मी त्याला पाहिलेलं नाही. दर सहा महिन्यांनी त्याचा फोन येतो, सोनोग्राफी केलीत का विचारायला.

कामकाज पुढे आणखी चाळीस मिनिटं चाललं. उठताना मी संदेशच्या बाकाकडे पाहिलं. बाटलीतलं पाणी तिसऱ्या खुणेपर्यंत उतरलं होतं.